आबा नातवाला कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पाजतात, काय करू?

सूनबाई_मंगळवारपेठ:

नमस्कार. मी माहेरची रत्नागिरीची, लग्नानंतर कोल्हापूरकर. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, माझा मुलगा त्यांना आबा म्हणतो. प्रश्न मामांचा आहे आणि जरा नाजूक आहे, म्हणून नात्यातल्या कुणाला न विचारता इथे विचारतेय.

मामा तरुणपणी तालमीत घुमलेले. सत्तरी ओलांडली तरी पहाटेचे सूर्यनमस्कार चुकत नाहीत. दिवेलागणीला नातवाला स्कूटरवर पुढे उभा करतात आणि आजा-नातू दूध कट्ट्यावर जातात. बाहेरगावच्यांसाठी सांगते, इथे संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन चौकात येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास तसाच हातात देतात. तापवणं वगैरे काही नाही. मुलगा चार वर्षांचा आहे. वरच्या ओठावर फेस वाळलेला अशा अवतारात घरी येतो आणि मग ताटाकडे बघत नाही. "आई, पोट टम्म" म्हणतो आणि झोपतो.

आता मला पाचवा महिना चालू आहे आणि मामा माझ्यासाठीही किटली भरून आणायला लागलेत. दारातूनच हाक, "सूनबाई, ऊन हाय तवर पिऊन टाक, पोरगं पैलवान हुईल." पोरगंच होणार हे त्यांनी ठरवून टाकलंय, तो विषय वेगळा. पहिल्या दिवशी मान राखायला दोन घोट घेतले. नंतर तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंना सहज सांगितलं, तर त्या म्हणाल्या, कच्चं दूध अजिबात नको, तुलाही नको आणि मुलालाही नको. एवढंच बोलल्या. तोवर पुढची पेशंट आत आलीच.

घरी सांगितलं तर मामा हसले. "डॉक्टर पुस्तकातलं सांगत्यात. आम्ही जन्मभर पितोय, काय झालं आम्हाला?" नवरा म्हणतो, तू आणि पप्पा बघून घ्या. सासूबाई काहीच बोलत नाहीत, फक्त किटलीतलं दूध गुपचूप पातेल्यात ओतून गॅसवर ठेवतात.

मध्यंतरी मुलाला जुलाब झाले होते. मामांच्या मते तो उन्हाळा होता.

तर विचारायचं असं की, धोका खरंच आहे का ही नुसती शहरी भीती आहे? तापवल्यावर दुधातलं सत्त्व जातं म्हणतात ते कितपत खरं? आणि मामांचा अपमान न करता हे सांगायचं कसं? ते या वेळेची दिवसभर वाट बघतात. मुलगाही बघतो.

पेठेतला_पैलवान:

वहिनी, राग मानू नका पण डॉक्टर लोकांनी निम्मं कोल्हापूर आजारी पाडलंय बघा. आमचा आज्जा तांब्यानं दूध प्यायचा, तेबी म्हशीच्या अंगाखाली बसून. नव्वदी गाठली गड्यानं, दात पडलं नव्हतं. गंगावेशीचा कट्टा बघायला लोकं पुण्या-मुंबईसनं येत्यात, फोटो काढत्यात, आन आपल्याच घरात भांडान? पिशवीतल्या दुधाला काय चव हाय सांगा. कट्ट्यावर समोर पिळतंय, पाण्याचा थेंब न्हाई, पावडर न्हाई. उलट मामांचं पाय धरा, असा आज्जा नशिबानं मिळतोय. पोरगं जेवत न्हाई म्हंता, आवो दुधानंच पोट भरतंय की त्येचं!

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक:

पैलवान, तुमच्या आज्ज्याबद्दल आदर ठेवूनच लिहितो. माझी सगळी नोकरी याच जिल्ह्यात म्हशींच्या मागं गेली. गोठ्यात राहिलेला माणूस आहे, तेव्हा हे पुस्तकातलं नाही.

तुमचा एक मुद्दा सोळा आणे खरा. समोर पिळलेल्या दुधात भेसळ नसते. लोक कट्ट्यावर जातात ते चवीइतकंच या खात्रीसाठी जातात, आणि ती खात्री कुठल्या पिशवीवरच्या छापानं मिळत नाही. पण डोळ्यानं दिसतं ते पाणी घातलं की नाही एवढंच. कासेच्या आत काय आहे ते गवळ्यालाही दिसत नाही, मलाही दिसत नव्हतं.

कट्ट्यावर कधी ग्लासाकडं न बघता गवळ्याच्या हाताकडं बघा. रेडकू सोडतो, म्हैस पान्हा सोडते, रेडकू ओढून बाजूला बांधतो. बादलीतल्या पाण्याचा सपका कासेवर मारतो, हातानं पुसतो, त्याच ओल्या हातानं सड धरतो. ओल्या सडावरनं पाणी ओघळून बोटांवर येतं आणि बोटांवरनं भांड्यात. मधेच म्हैस शेपूट हाणते, आणि शेपटीच्या गोंड्याला काय चिकटलेलं असतं ते सांगायला नको. पुढच्या गिऱ्हाइकाचा ग्लास त्याच बादलीत बुचकळून निघतो. यात गवळ्याचा दोष काढत नाही. चौकात उभ्या जनावराची धार याहून स्वच्छ काढायची म्हटली तरी किती काढणार? चांगला गवळी पहिल्या दोन-चार धारा जमिनीवर सोडतो, कास नीट धुतो, सुकं फडकं वापरतो. तेवढ्यानं फरक पडतो, पण पोटच्या पोराला निर्धास्त पाजावं एवढा पडत नाही.

हा झाला बाहेरनं येणारा घाण-शेणाचा भाग. यातनं जुलाब, उलट्या, ताप. खरा घोर आतल्या रोगांचा, आणि त्यातला आपल्या भागातल्या माणसानं ओळखून असावा असा एक म्हणजे ब्रुसेला. म्हैस सहाव्या-सातव्या महिन्याच्या पुढं गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो. मालक हळहळतो, कुणाची नजर लागली म्हणतो. पुढच्या वेताला तीच म्हैस व्यवस्थित विते, बादली भरून दूध देते, अंगानं चकचकीत, शिंगं पाठीवर गेलेली, बघत राहावी अशी पंढरपुरी जातीची. आणि तिच्या दुधातनं जंतू पडत राहतात. म्हैस आजारी दिसतच नाही, ही या रोगाची खरी लबाडी. दिवाळी पाडव्याला सजवून मिरवली तर पहिला नंबर काढेल असं जनावर असतं.

माणसाला लागण झाली की संध्याकाळी ताप चढतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, पाठ-कंबर-सांधे धरतात, पुरुषांत गोटी सुजते, गरोदर बाईचा गर्भ पडू शकतो. ताप येतो-जातो, येतो-जातो. बऱ्याचदा टायफॉइड समजून औषध दिलं जातं, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. आमच्या खात्यातल्या एका सहकाऱ्याला गाभडलेल्या म्हशीची अडकलेली वार उघड्या हातानं काढताना हे लागलं. टायफॉइडचे कोर्स झाले, मलेरियाच्या तपासण्या झाल्या. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरनं विचारलं, "तुम्ही काम काय करता?" त्या एका प्रश्नावर निदान लागलं. उपचार असतो, पण दोन औषधं मिळून साधारण सहा आठवडे, आणि मधे सोडलं की उलटतं.

म्हणून हे आधी सांगून ठेवतो. तुमच्या घरात कुणालाही आठवडाभर ताप हटेना, तर डॉक्टरनं विचारायची वाट न बघता आपणच सांगा की आम्ही कच्चं दूध पितो. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

आता समोर पिळण्याची एक जुनी गोष्ट. माल्टा नावाचं बेट आहे, तिथं इंग्रजांची फौज असायची. शिपाई अशाच तापानं वर्षानुवर्षं अंथरूण धरायचे, म्हणून त्याचं नावच माल्टा फीवर पडलं. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या फौजी डॉक्टरनं जंतू शोधला, पण तो येतो कुठनं ते कळेना. तिथं शेळ्या दारोदार फिरवायचे आणि गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावर दूध पिळून द्यायचे, अगदी आपल्यासारखंच. ठणठणीत दिसणाऱ्या शेळ्या, त्यांच्यावर संशय घेणार कोण? १९०५ मध्ये तिथल्याच झॅमिट नावाच्या डॉक्टरनं त्या शेळ्यांचं रक्त तपासलं आणि रोग तिथं सापडला. १९०६ मध्ये फौजेचं शेळीचं दूध बंद केलं, तशी शिपायांतली साथ ओसरली. समोर पिळलेलं होतं, भेसळ नव्हती, तरी.

क्षयाचंही तेच. जनावराचा क्षय दुधातनं येतो आणि लहान पोरांच्या मानेला गाठी येतात. जुन्या लोकांना या गाठी ठाऊक आहेत.

ताईंनी विचारलंय सत्त्व जातं का. प्रथिनं, चरबी, कॅल्शियम जागच्या जागी राहतात. क जीवनसत्त्व आणि काही ब जीवनसत्त्वं थोडी घटतात. त्यातलं क तर दुधात मुळातच नावाला असतं, ते एका पेरूनं भरून निघतं. डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद धरलं की हे जंतू मरतात. आपण चुलीवर उकळी आणतो म्हणजे त्याच्या पुढंच जातो. आणि ‘ऊन आहे तोवर’ म्हणाल, तर ती ऊब म्हशीच्या अंगाची, ३८-३९ अंशांची. तेवढ्यात जंतू मरत नाहीत, उलट सुखानं वाढतात. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत धारोष्ण दुधाचं कौतुक आहे हे मला माहीत आहे, कुणीतरी सांगणारच, म्हणून आधीच लिहितो. तेव्हा जंतू बघायला सूक्ष्मदर्शक नव्हता.

आज्ज्यांचा मुद्दा राहिला. नव्वदी गाठलेला आज्जा आपल्याला आठवतो, कारण तो नव्वदीपर्यंत समोर होता. त्याच्या पाठीवरची किती भावंडं पाळण्यातनंच गेली हे कुठल्याही जुन्या घरात म्हातारीला विचारून बघा. ‘ताप आला आणि गेलं’ एवढीच त्यांची नोंद. सगळी दुधानं गेली असं मी म्हणत नाही. पण कुणी कशानं गेलं हे तेव्हा तपासलंच नव्हतं, मग ‘आम्हाला काही झालं नाही’ याचा हिशेब लावायचा कसा?

सांगायचं कसं, हे तुमच्या सासूबाईंनी न बोलता दाखवलंय. मामांना एवढंच विचारा, घरात कधी कच्च्या दुधाला विरजण लावलंय का? खुद्द त्यांच्या आईनं? आपल्या स्वयंपाकघरात आलेलं दूध आधी चुलीवर चढतं, मग बाकी सगळं. साय, दही, लोणी, तूप सगळं तापवलेल्या दुधाचं. चिकाचा खरवससुद्धा आपण वाफवून खातो. कच्चं पिणं ही तालमीची आणि कट्ट्याची सवय, घरातल्या बायकांची कधीच नव्हती. तेव्हा हे डॉक्टरीणबाईंचं नवं शास्त्र नाही, त्यांच्या आईचंच आहे.

आणि कट्ट्यावर जाणं मात्र बंद करू नका. दूध तिथलंच घ्या, समोर पिळून घ्या, किटली नातवाच्या हातात द्या. प्यायचं घरी, तापवून.

सिस्टर_मावशी:

वरच्या काकांनी जनावरांचं छान सांगितलंय, मी माणसांचं सांगते. मुलांच्या वॉर्डात खूप वर्षं काम केलंय.

बाळा, आधी तुझं. दोन घोट घेतलेस म्हणून घाबरून रात्रभर जागू नकोस. पण तुझ्या डॉक्टरीणबाईंना पुढच्या खेपेला नीट सांग, कधी घेतलंस आणि किती. गरोदरपणात कच्च्या दुधाला एवढं घाबरतात त्यात ब्रुसेलाबरोबर लिस्टेरिया नावाचा दुसरा एक जंतू आहे. आईला नुसता फ्लूसारखा ताप, अंगदुखी, आणि त्रास पोटातल्या बाळाला, गर्भपातापर्यंत. हा जंतू फ्रिजमध्येसुद्धा वाढतो, म्हणून ‘गार करून पिते’ हा उपाय नाही. लक्षणं दिसायला कधी आठवडे लागतात, तेव्हा पुढचे दोन-तीन महिने ताप आला तर क्रोसिन घेऊन घरी बसायचं नाही, दाखवायचं. आणि मामा दारात किटली घेऊन उभे असतील तर सरळ म्हण, "मामा, उकळून वेलची घालून घेते." नाही म्हणावं लागत नाही.

आता मुलगा. तो जेवत नाही याचं मला जुलाबापेक्षा जास्त वाटतंय. पैलवानभाऊ म्हणाले दुधानं पोट भरतं. तीच तर अडचण आहे. दुधात लोह जवळपास नसतंच. दुधावर पोट भरलेली, भाकरी-भाजी-डाळ न खाणारी गुबगुबीत मुलं वॉर्डात येतात आणि रक्त तपासलं की हिमोग्लोबिन खाली. आई म्हणते, अहो दूध तर भरपूर पितो. या वयाला दिवसाला दोन कप, ४००-५०० मिलि, सगळं धरून पुरे. आणि ते जेवणाच्या आधी नाही. कट्ट्यावरून आला की आधी भाकरीचा काला, डाळ, अंडं खात असाल तर अंडं, मग तास-दीड तासानं छोटा पेला. इथे कुणाच्या घरी वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला गाईचं-म्हशीचं दूध प्यायला द्यायचंच नाही, तापवलेलंही नाही. आईचं दूध, आणि सहा महिन्यांनंतर वरचा मऊ आहार.

जुलाबाला उन्हाळा म्हणून सोडू नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, पूर्ण पाकीट, अर्धं नाही. चमच्या-चमच्यानं पाजायचं, उरलेलं २४ तासांनी ओतून द्यायचं. झिंकच्या गोळ्या डॉक्टर १४ दिवस देतात, जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नका. जुलाब बंद करायची मोठ्यांची गोळी मुलाला देऊ नका. शौचात रक्त दिसलं, लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं, पिईना, की वाट बघायची नाही, उचलून दवाखान्यात न्यायचं. कच्च्या दुधातून येणारा एक जंतू असा आहे की रक्ताच्या जुलाबानंतर मुलांच्या किडनीवर जातो. क्वचित होतं, पण ज्याला होतं त्याच्या घरच्यांना क्वचित म्हणून समजूत घालता येत नाही.

सूनबाई_मंगळवारपेठ:

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवताना विषय काढला. डॉक्टरांचं नाव घेतलं नाही, काका म्हणाले तसं विरजणाचं विचारलं. मामा घास हातात धरून थांबले. मग सासूबाईंकडे बघून म्हणाले, "काय गं, आई कच्च्या दुधाचं दही लावायची?" सासूबाई म्हणाल्या, "त्यांनी लावलं असतं तर तुम्ही खाल्लं असतं का?" एवढं एकच वाक्य बोलल्या आणि आमटी वाढली.

आज सकाळी मामांनी नवीन काढलंय. म्हणतात, ठीक आहे, आपला गवळी ठरलेला आहे, म्हैस ठरलेली आहे, तिचीच तपासणी करून घेतो. पैसे मी देतो. एकदा रिपोर्ट चांगला आला की मग प्यायला काय हरकत? ते खरंच निघालेत दवाखान्यात. काका, यावर काय सांगू?

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक:

मामा भेटले पाहिजेत एकदा, माणूस आवडला.

तपासणी होते, आणि करायला माझा विरोध नाही. ब्रुसेलासाठी जनावराचं रक्त किंवा दूध तपासतात. आमच्या वेळी संशय आला की नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं जायचे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं की आताची सोय सांगतील. पण रिपोर्ट नमुना घेतला त्या दिवसाचा असतो. परवा गवळ्यानं बाजारातनं नवी म्हैस आणून शेजारी बांधली की तो कागद जुना झाला. शिवाय तो रिपोर्ट ब्रुसेलाचा. कासदाह, म्हणजे आपण दगडी म्हणतो तो कासेचा रोग, आहे का, त्याचं वेगळं. अंगावर दिसणाऱ्या दगडीत कास सुजते, दुधात गुठळ्या येतात, ते गवळी ओळखतो. लपलेल्या कासदाहात दूध दिसायला पांढरंशुभ्रच असतं. आणि सडाला लागलेलं शेण, बादलीचं पाणी, ग्लास, यांचा रिपोर्ट कुठला काढणार?

मामांना काही करायचंच असेल तर गवळ्याला एक विचारा, मादी रेडकांना ब्रुसेलाची लस टोचलीय का? २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर हीही लस मोफत आहे. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि मादी रेडकांना, आयुष्यात एकदाच. मोठ्या म्हशीला ती देत नाहीत आणि रेडकू नर असेल तर त्यालाही नाही. लस जिवंत जंतूंची असते, टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली तर त्यालाच लागण होऊ शकते, म्हणून हातमोजे घालून टोचतात. तेव्हा गवळ्यानं स्वतः मेडिकलमधनं आणून टोचायचा उद्योग करू नये. लस टोचून घेतली म्हणून दूध कच्चं प्यायला मोकळीक, असंही नाही.

आणखी एक, जे उकळून जात नाही. म्हशीला अँटिबायोटिकचं इंजेक्शन चालू असेल तर त्याचा अंश दुधात उतरतो आणि उकळीनं तो पूर्ण जात नाही. औषधाप्रमाणं काही दिवस ते दूध विकायचं नसतं. ठरलेला गवळी असण्याचा खरा फायदा इथं आहे. त्याला मोकळेपणानं विचारता येतं, आणि तोही सांगतो, "अण्णा, हिचं चार दिवस नको, तिचं घ्या."

तापवायचंही सांगून ठेवतो, कारण निम्म्या घरात दूध वर आलं की गॅस बंद होतो. साय धरली की खाली उकळी नसतानाही दूध फुगून वर येतं. गॅस बारीक करायचा, पळीनं साय मोडून तळापर्यंत ढवळायचं, खळखळून उकळी फुटली की ढवळत दोन-तीन मिनिटं ठेवायचं. मग झाकून, पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववायचं आणि फ्रिजमध्ये टाकायचं. कच्च्या दुधाची किटली, गाळणं आणि पळी तापवलेल्या दुधाला धुतल्याशिवाय लावायची नाही. किटली कट्ट्यावरनं आली की थेट गॅसपाशी. मामा वाटेत गप्पांना थांबत असतील तर तेवढं कमी करायला सांगा.

सूनबाई_मंगळवारपेठ:

गप्पा कमी होणार नाहीत, ते आत्ताच सांगते. 😄

बाकी तह असा झालाय की नातवाचं आणि माझं दूध तापवूनच. मामा स्वतःचा ग्लास मात्र तिथेच रिकामा करणार. "माझं ह्या वयात आता काय व्हायचं राहिलंय," म्हणाले. मुलगा विचारतो, आबा पितात मग मी का नाही. याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

सिस्टर_मावशी:

या वयातच होतं. पासष्टीच्या पुढे, आणि त्यात साखर असेल तर लिस्टेरिया मोठ्या माणसालाही जड जातो. मामांना मधुमेह आहे का ते बघ. असेल तर त्यांच्याशी बोलायचं काम तुझ्या नवऱ्यावर सोपव, तो फार सुटलाय यातून.

पेठेतला_पैलवान:

काका, एक इचारायचं हुतं. आमचा चुलतभाऊ गवळ्याकडं धारा काढायला जातोय. दिवाळीपास्नं त्येची कंबर धरलीया, सांजच्याला अंग तापतंय, घाम सुटतोय. दोनदा टायफॉइडचं औशिद झालं. ही तपासणी कुठं हुतीया?

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक:

उद्याच पाठवा, थांबू नका. सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्यात मेडिसिनच्या ओपीडीत किंवा ओळखीच्या एमडी डॉक्टरकडं. आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोलायचं, "मी म्हशींच्या धारा काढतो, कच्चं दूध पितो, दिवाळीपासनं ताप आहे, ब्रुसेला बघाल का?" झालेल्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या. रक्त द्यायच्या आधी मेडिकलमधनं नवीन अँटिबायोटिक घेऊ नका, त्यानं तपासणीत गोंधळ होतो. गोठ्यात अलीकडं कुठली म्हैस गाभडली का तेही त्याला विचारा. गाभडली असेल तर वार आणि गर्भ उघड्यावर न टाकता खोल पुरून वर चुना टाकायला लावा, कुत्र्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका. आणि गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. डॉक्टर काय म्हणाले ते इथं लिहा.